हुरड्याचा न्याय कणसाला

मे महिन्यात चांगलं, ताजं स्वीट कॉर्न कुठे मिळेल, असं दर उन्हाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतंच. प्रश्नच चुकतो आहे. ‘कुठे’ हा प्रश्न हापूसला विचारावा. कणसाला विचारायचा प्रश्न एकच: कधी मोडलं?

आज पहाटे मोडलं असेल तर रस्त्याकडेच्या हातगाडीवरचं खुशाल घ्या. परवा मोडलं असेल तर गारेगार दुकानातलं, पारदर्शक वेष्टनातलं, पाठीवर भाव चिकटवलेलं कणीसही घेऊ नका.

गेल्या पंधरवड्यात मी नेमकं तेच घेतलं. भाची सुट्टीला आली होती, तिला कणीस हवं होतं, ऊन मी म्हणत होतं आणि ते दुकान जवळ होतं. दोन कणसं, पाला सोललेली, पांढऱ्या थर्माकोलच्या ताटलीत शेजारी शेजारी झोपवलेली. दिसायला देखणी. घरी येऊन वाफवली. भाचीने एक घास घेतला आणि कणीस खाली ठेवलं. “मावशी, हे पिठासारखं लागतंय.” आठ वर्षांच्या मुलीला जे एका घासात कळलं, ते एवढी मोठी खरेदी करणाऱ्या दुकानाला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. त्यांना कळतं. आपण परत नेऊन देत नाही, म्हणून ते मांडतात.

आणि पिठासारखं म्हणजे खरोखर पीठच. कणीस ताटावरून मोडलं तरी मरत नाही. दाणा जिवंत असतो, श्वास घेत असतो आणि आपलं काम करत राहतो. साखरेचं पिष्ट करून साठवणं हे ते काम. दाणा हे बी आहे. त्याला आपली जीभ खूश करायची नाही, पुढच्या पावसात येणारा कोंब पोसायचा आहे. जुन्या, साध्या जातीच्या गोड मक्यात ३० अंश सेल्सिअसला एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखर अशी पिष्टात जाऊ शकते. शून्य अंशाजवळ ठेवलं तर तीच घट ६ टक्क्यांच्या आसपास राहते. एका दिवसाचा फरक हा एवढा. आता मेमधलं जळगाव डोळ्यासमोर आणा, किंवा दुपारी दोनचं पुणे. ३० अंशही तिथे सावलीत मिळत नाहीत.

त्यात आपण कणसं गोणीत कोंबतो. कधी बाजारात कणसांच्या भरलेल्या गोणीत हात घालून बघा. आत ऊब लागते. ती ऊब उन्हाची नाही, कणसांच्या श्वासाची आहे. भाज्यांमध्ये गोड मक्याचा श्वसनाचा वेग फार जास्त असतो. ढीग केला की तो स्वतःच्याच उष्णतेने शिजत जातो. ज्या देशांत या पिकाची कदर आहे, तिथे कणीस शेतातून निघाल्या निघाल्या बर्फाच्या पाण्यात बुडवतात. आपण ते टेंपोत भरतो, वर ताडपत्री आवळतो आणि बाजारात उतरल्यावर गोणीवर नळीने पाणी मारतो. त्या पाण्याने पाला टवटवीत दिसतो. दाण्याची गेलेली गोडी पाण्याने परत येत नाही. पाणी मारणाऱ्यालाही ते माहीत असतं.

“पण ताई, आता सुपरस्वीट आलंय, ते आठवडाभर गोड राहतं,” असं मला एका विक्रेत्याने ऐकवलं. त्याचं निम्मं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे हल्ली येणारं बहुतेक स्वीट कॉर्न जुन्या जातीचं नाही. मक्यात एक जनुकबदल फार पूर्वीपासून ठाऊक होता. तो असलेलं बी वाळल्यावर सुरकुततं, चिरमुटतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एका संशोधकाने त्याच्या दाण्याची असाधारण गोडी हेरली आणि १९५३ साली ती शास्त्रीय जगापुढे मांडली. बी सुरकुततं, कारण त्यात पिष्ट फारसं भरतच नाही. बरीचशी साखर साखरच राहते. जुन्या गोड मक्यापेक्षा दुप्पट-तिप्पट. तिचं पिष्ट होण्याचा वेगही मंद. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला शुगर ७५ हा संकरित वाण किंवा तसे दुसरे वाण टिकाऊ वाटतात ते या गोडीमुळे.

पण गोडी टिकली म्हणजे ताजेपण टिकलं असं नाही. दाण्यातलं पाणी उडतं, माथ्यावर खळगा पडतो, साल चिवट होते, दातात अडकते. आणि तो वास, ओल्या गवताचा आणि कोमट दुधाचा एकत्र येणारा वास, तो सगळ्यात आधी जातो. उरते ती नुसती साखर. साखरच हवी असेल तर डब्यात आहे.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे सगळं आपल्याला माहीत आहे. मराठी माणसाला हे कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे हुरडा आहे.

पौषात थंडीत कुडकुडत माणसं शेतावर जातात ती कशासाठी? ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो आणि चिकातून पिठात जातो, आणि मधले मोजके दिवस तो हुरड्याचा असतो. गुळभेंडी ज्वारीचं कणीस ताटावरून काढायचं, आगटीत खुपसायचं, हातावर चोळायचं आणि हात भाजत असताना खायचं. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. जाणकार माणूस हुरड्याला बोलावतो तेव्हा वेळ सांगतो. कालचा हुरडा कोणी पाहुण्यापुढे ठेवला तर पाहुणा मनातल्या मनात त्या घराचा हिशेब करून टाकतो. नीरेचंही तेच. सूर्य वर यायच्या आत उतरवलेली, गार ठेवलेली. ऊन लागलं की ती आंबते, हे ठाऊक नसलेला माणूस नीरेच्या ठेल्यावर सापडायचा नाही. मासळी बाजारात बायका कल्ला उघडून बघितल्याशिवाय बांगड्याला हात लावत नाहीत.

मग मक्याच्या बाबतीतच आपली ही सगळी अक्कल कुठे जाते?

मला वाटतं, ती पावसात गेली. आपल्या मनात कणीस म्हणजे आषाढ-श्रावण, सिंहगड किंवा लोणावळ्याचा घाट, कोळशाची शेगडी, पंख्याने उडणाऱ्या ठिणग्या. तो मका निराळा. तो बहुतेकदा धान्याचा मका, कोवळा असताना मोडलेला. त्याचा दाणा मुळातच पिठूळ, म्हणून भाजल्यावर त्याला ती खमंग कडक चव येते आणि वरून तिखट-मीठ-लिंबू चोळलं की बाकी काही लागत नाही. मी तो आवडीने खाते. पण त्या कणसाने आपल्याला एक वाईट सवय लावली: मक्याची स्वतःची चव न तपासता त्याला मसाल्याखाली झाकण्याची. तीच सवय पुढे कागदी पेल्यातल्या दाण्यांपर्यंत आली. लोणी, चाट मसाला, लिंबू, मिरपूड, वर चीज. एवढं सगळं ज्याला लागतं, ते काय लपवतंय हे विचारा.

उन्हाळ्याचं कणीस मिळवणं पावसाळ्यापेक्षा अवघड का, हेही समजून घ्यायला हवं, म्हणजे शेतकऱ्याला उगाच दोष लागणार नाही. एप्रिल-मेमध्ये मिळणारा मका जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला, विहिरीच्या नाहीतर कालव्याच्या पाण्यावर वाढवलेला असतो. कणसाच्या टोकातून बाहेर आलेल्या झुपक्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. प्रत्येक केसावर तुऱ्यातला परागकण पडला तरच तो दाणा भरतो. एका कणसावर असे शेकडो केस. तापमान ३५ अंशांच्या वर सरकत गेलं की पराग दुबळे पडतात, केस पराग येण्याआधीच वाळतात आणि कणसात दात पडल्यासारख्या फटी राहतात. ते शेतकऱ्याचं पाप नाही. त्याने वेळेवर पाणी दिलेलं असतं. आभाळातून काय ओतलं जावं हे त्याच्या हातात नाही. फट असलेलं पण सकाळचं कणीस मी भरगच्च पण शिळ्या कणसाआधी उचलते आणि तुम्हीही उचला.

दुसरं एक कारण आहे, ज्याबद्दल शहरात कोणी बोलत नाही. गोड मक्याच्या बांधाला लागून धान्याचा मका असला आणि दोघांना तुरे एकाच वेळी आले, तर वाऱ्याने शेजारचे पराग येतात आणि गोड मक्याच्या कणसात त्याच हंगामात पिठूळ दाणे भरतात. जात उत्तम, पाणी उत्तम, तोडणी वेळेवर, आणि तरी चव पिठाची. शे-दोनशे मीटरचं अंतर ठेवायचं, नाहीतर पेरणीत दोन-तीन आठवड्यांचा फरक करायचा. ज्याच्याकडे तीन एकर आहेत आणि शेजाऱ्याचा मका आधीच उभा आहे, त्याने ते अंतर आणायचं कुठून? एका शिवारातल्या माणसांनी मिळून पेरणी ठरवली तरच हे जमतं. जिथे जमतं, तिथल्या कणसाची चव वेगळी लागते.

आणि तोडणीचा दिवस. केस बाहेर पडल्यापासून साधारण अठरा ते बावीस दिवसांनी कणीस तयार होतं. कडक उन्हाळ्यात ही खिडकी आणखी अरुंद होते. दोन दिवस आधी मोडलं तर दाण्यात पाणी, चार दिवस उशिरा मोडलं तर चीक. भाव पडलाय म्हणून शेतकरी थांबतो, टेंपो आला नाही म्हणून थांबतो, मजूर मिळत नाहीत म्हणून थांबतो. त्या चार दिवसांची किंमत माझी भाची चुकवते आणि तोही चुकवतो.

आता गिऱ्हाइकांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. मंडईत कणसांच्या ढिगाशी उभं राहून पाच मिनिटं बघा. येणारा प्रत्येक जण पाला टराटरा सोलतो, दाण्यात नख खुपसतो, नापसंत करून कणीस परत ढिगावर टाकतो. नखाने फुटलेला तो दाणा लवकर आंबायला लागतो. सोललेलं कणीस सुकायला लागतं. पाला हे त्याचं अंगावरचं वस्त्र आहे, देवाने दिलेलं वेष्टन आहे, आणि आपण ते फाडून टाकतो. मग विक्रेता उरलेली कणसं पूर्ण सोलून प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, कारण गिऱ्हाईक सोलतंच आहे. थर्माकोलची ती ताटली आपल्या नखांतून जन्मली आहे.

सोलायची गरजच नाही. आधी देठाकडे बघा, जिथून ते मोडलं ती जागा. ओली, फिकट हिरवट असेल तर कणीस आजचं. तपकिरी, वाळून चिरलेली असेल तर पुढे बघायचं कारण नाही. हाच मक्याचा कल्ला. पाला गच्च आणि हिरवा असावा. बाहेर आलेले केस तपकिरी हवेत, पण बोटाला किंचित चिकट लागायला हवेत. कोरडे, ठिसूळ झालेले नकोत आणि पांढरेशुभ्रही नकोत. मग पाल्यावरूनच अंगठा फिरवा. दाणे हाताला लागतात. टोकापर्यंत लागले तर घ्या. ते हातातच जड लागतं.

टोकाला अळी निघाली तर? पाव इंच कापून टाका आणि बाकीचं खा. मी हे पोटतिडकीने सांगते आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तेव्हापासून मक्याच्या शेतकऱ्याची झोप उडाली आहे. त्यात आपण अळी दिसली की किंचाळून कणीस फेकतो. मग शेतकरी काय करणार? आणखी एक फवारणी. आपल्या किंचाळण्याचा हिशेब आपल्याच ताटात येतो. अळीने एक टोक खाल्लेलं कणीस मला बिनडागाच्या कणसापेक्षा कमी भीतीचं वाटतं.

“एवढं गोड म्हणजे नक्कीच इंजेक्शन दिलेलं,” हे वाक्य तर मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकते. कणसाला कोणी इंजेक्शन देत नाही. शेकडो दाणे, प्रत्येकाची वेगळी साल. सुई घेऊन कोण बसणार? गोडी जातीची आहे. आणि जनुकीय फेरफार करून बनवलेला मका पिकवायला भारतात परवानगीच नाही. ज्या शेतकऱ्याने तीन महिने रात्रीच्या विजेवर पाणी दिलं, त्याच्या मालावर असे शिंतोडे उडवण्याआधी माणसाने थांबावं.

गोठवलेल्या दाण्यांविषयी माझं मत अनेकांना पटत नाही. तरी सांगते. तोडणीनंतर काही तासांत कारखान्यात पोचलेला, वाफ दाखवून लगेच गोठवलेला दाणा हा मेमधल्या तीन दिवसांच्या कणसापेक्षा चांगला असतो. उसळ, सूप, पॅटिस यांना तोच वापरा, त्यात कमीपणा नाही. पण तेच दाणे वितळवून, पिशवीत भरून, ‘ताजे’ म्हणून विकणं ही लबाडी आहे, आणि ती उघड चालते.

ताजं कणीस हाती आलं तर त्याचा घात घरात करू नका. पहिला घात कुकरचा. चार-पाच शिट्ट्या धान्याच्या मक्याला लागत होत्या, म्हणून आईने लावल्या. कोवळ्या गोड कणसाला उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं पुरतात. वाफवलं तर थोडी जास्त. शक्य असेल तर बाहेरची दोन पानं काढून, उरलेल्या पाल्यासकट आचेवर ठेवा. पाला करपतो, आत दाणा स्वतःच्या वाफेत शिजतो आणि तो गवताचा वास आत कोंडून राहतो. दुसरा घात उद्यावर ढकलण्याचा. आजच खायचं नसेल तर आज घेऊच नका. ठेवावंच लागलं तर पाल्यासकट, फ्रिजच्या गार भागात, आणि एका रात्रीपुरतं.

भाचीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी तिला घेऊन पहाटे नाशिक रस्त्याने निघाले. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात मका उभा असतो. त्यामागे गाई आहेत: कणीस बाजारात जातं, हिरवी ताटं वैरणीला नाहीतर मुरघासाला. मेमध्ये हिरव्या वैरणीचं मोल तिथल्या घरांना विचारा. काही घरी कणसाचे पैसे ही वरकमाई आणि वैरण हे खरं पीक.

मंचरच्या पुढे, सात-साडेसाताला, बांधाच्या कडेला एक बाई पोत्यावर कणसं मांडत होती. मागे मका उभा, सऱ्यांत पाणी खेळत होतं. विचारलं, “मावशी, कधी मोडलीत?”

“आत्ताच की. अजून निम्मी आणायचीत.” तिने एक उचललं, पाला अर्धा मागे ओढला आणि माझ्याकडे नाही, भाचीकडे दिलं. “खा अशीच.”

भाची माझ्याकडे बघायला लागली. कच्चं? मी मान हलवली. तिने चावा घेतला आणि पांढरा रस हनुवटीवरून फ्रॉकवर आला. पुसायला ती थांबली नाही. कणीस फिरवत फिरवत, एक ओळ संपवून दुसरी, टोकापर्यंत गेली.

मी डझनभर घेतली. पैसे देताना मागच्या शनिवारचं दुकान डोक्यातून जात नव्हतं, म्हणून विचारलं, “संध्याकाळपर्यंत नाही खपली तर काय करता? उद्या विकता?”

“उद्या?” तिने गोठ्याकडे हात केला. “गाईला घालते. शिळी कोण खाईल?”